छातीवरचे अक्षर, झग्यावरचा क्रूस

नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी १८५० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सतराव्या शतकातले बॉस्टन आहे, कर्मठ प्युरिटनांची वसाहत. विवाहबाह्य संबंधातून मुलगी झाली म्हणून हेस्टर प्रिनला भर चौकात चौथऱ्यावर उभे करतात. छातीवर तांबड्या कापडाचे ‘ए’ हे अक्षर वागवण्याची शिक्षा तिला होते. मुलीचा बाप गावचा सन्मान्य धर्मोपदेशक. तो गप्प राहतो आणि आतून झिजत जातो.

ही कादंबरी मी डिचोलीत वाचली. मन मात्र बॉस्टनला न जाता मांडवीपलीकडच्या जुन्या गोव्यात गेले.

तेथे १५६० साली इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय स्थापन झाले. १७७४ ते १७७८ हा खंड सोडला, तर ते १८१२ पर्यंत चालले. डेलाँ नावाच्या फ्रेंच वैद्याला त्याने कोठडीत टाकले होते. सुटल्यावर त्याने लिहिलेल्या हकिकतीतून आतला कारभार जगाला कळला. तक्रार कोणी केली, हे कैद्याला सांगत नसत. आपला गुन्हा कोणता, हे त्यानेच ओळखून कबूल करायचे! जानेवारी १६७६ मध्ये इतर कैद्यांबरोबर त्याची मिरवणूक निघाली. अंगात पिवळा झगा, त्यावर पुढे-मागे तांबडा तिरपा क्रूस. हेस्टरचे अक्षर आणि हा क्रूस ही सख्खी भावंडेच. आरोपीची लाज चव्हाट्यावर, चुगलखोराचे नाव पडद्याआड.

आणि गुन्हे तरी कोणते? १७३६ च्या फर्मानाने धर्मांतरितांना दारात तुळस लावण्याची, पुरुषांना धोतर आणि बायकांना चोळी घालण्याची, बिनमिठाचा भात शिजवण्याचीही मनाई केली. आमच्या काठावर जो आचार, तोच पलीकडे अपराध. मधे फक्त पाणी.

याच पाण्यावरून दिवाडीचा सप्तकोटेश्वर आमच्या तालुक्यातील नार्व्याला आला. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर भक्तांनी लिंग लपवून अलीकडे आणले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख दारावर आहे. म्हणजे लपविणे हे नेहमीच पापाचे लक्षण नसते. धर्मोपदेशकाने लपविली ती भीती. भक्तांनी लपविली ती निष्ठा.

इथे लेख संपवला असता, तर आपल्याला बरे वाटले असते. पण १९२८ साली मसूरकर महाराजांनी गोव्यातील हजारो ख्रिस्ती गावड्यांना शुद्धी करून हिंदू धर्मात परत घेतले. ते परतले खरे. पण समाजाने त्यांना ‘नवहिंदू’ म्हटले, आणि रोटी-बेटीच्या वेळी तो ‘नव’ पिढ्यान्‌पिढ्या आठवत राहिला. तेही छातीवरचे अक्षरच. फक्त ते शिवायला कोणा न्यायाधीशाची गरज लागली नाही.

हॉथॉर्नचा एक पूर्वज सेलमच्या चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होता. त्या वारशाची खंत हॉथॉर्नने कागदावर उतरवली. इन्क्विझिशनचे गोव्यातील बहुतेक कागद नष्ट झाले. चुगल्या करणाऱ्यांची नावे त्यांच्याबरोबर गेली. आपण शिवलेल्या अक्षरांचे कागद तर कधी झालेच नाहीत. ती आठवायची, तर आपल्याच पंगतीत कोण कुठे बसत होते, हे आठवावे लागेल.