पायथन भाषेतील युनिकोडचा स्वीकार : एक ऐतिहासिक आढावा

गुइडो व्हॅन रॉसम यांनी निर्माण केलेली पायथन ही संगणकभाषा फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रथम प्रसृत झाली. युनिकोडची पहिली आवृत्ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली. साहजिकच, मजकूर म्हणजे बाइटांची रांग, हे पायथनच्या मूळ रचनेत गृहीत होते. इंग्रजीत एक अक्षर एका बाइटात मावत असल्याने ते कोणाला खटकले नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह मात्र यूटीएफ-८ संकेतनात तीन बाइट व्यापते. या संकेतनातील ‘मराठी’ शब्दाची लांबी अशा भाषेस विचारल्यास १५ हे उत्तर मिळे.

मार्क-आंद्रे लेम्बुर्ग यांच्या आराखड्यानुसार ऑक्टोबर २००० मधील पायथन २.० मध्ये युनिकोड अक्षरमालिका दाखल झाली. तीत ‘मराठी’ची लांबी ५ भरे, कारण काना व वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. परंतु जुनी बाइटमालिका तशीच ठेवून नवी तिच्या शेजारी बसविण्यात आली. दोन्ही एकत्र येताच भाषा परस्पर रूपांतर करी आणि त्यासाठी १२८ संकेतांचा आस्की संच प्रमाण मानी. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत, हा हेतू रास्तच होता. परिणाम मात्र विपरीत झाला. इंग्रजी मजकुरावर तपासलेला प्रोग्रॅम निर्दोष ठरे आणि बाइटरूपातील पहिले मराठी नाव युनिकोड मालिकेस जोडताना बंद पडे. दोष रचनेचा असे. खापर लिपीवर फुटे.

३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या पायथन ३.० ने ही सरमिसळ संपविली. मजकूर म्हणजे युनिकोड, बाइट हा वेगळा प्रकार, आणि परस्पर रूपांतर नाही. याची किंमत मोठी होती. जुने प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत जसेच्या तसे चालेनात आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० पर्यंत चालू ठेवावा लागला.

एक प्रश्न तरीही उरला होता. पायथन २ च्या सोळा-बिटी बांधणीत सोळा बिटांपलीकडचे चिन्ह दोन तुकड्यांत साठविले जाई. सप्टेंबर २०१२ मधील पायथन ३.३ ने प्रत्येक मालिकेसाठी गरजेनुसार प्रतिचिन्ह एक, दोन वा चार बाइट योजून ही अडचण दूर केली. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा तपशील गौण नाही. जून २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये समाविष्ट झालेली मोडी लिपी याच सोळा बिटांपलीकडच्या प्रदेशात आहे. पेशवे दप्तरातील मोडी कागद त्या जुन्या बांधणीत उतरवला असता, तर त्यातील प्रत्येक मोडी चिन्ह दोन म्हणून मोजले गेले असते.