पालकाने सही केली, पण कोर्टाने पाहिलं का?

आपल्यातल्या बऱ्याच जणींनी सातबारा हातात धरला असेल. त्यावर एखाद्या लहान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी अक्षरं दिसतात आणि त्यापुढे आईचं किंवा चुलत्याचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. इथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, तर अजून सज्ञान न झालेलं मूल. जमीन मुलाची, सांभाळणारं माणूस दुसरं.

आता समजा, या मुलाच्या वाट्याचा दावा कोर्टात चालू आहे. तारखा पडून पडून सगळे थकलेत. समोरची बाजू म्हणते, “थोडं घ्या आणि मिटवा.” पालक सही करायला तयार होतो. पण वाटा तर मुलाचा आहे. त्याच्या वतीने कमी घ्यायचं की नाही, हे एकट्या पालकाने ठरवायचं का? हाच प्रश्न कायद्यापुढे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ उभा आहे. आज आम्ही त्याची गोष्ट सांगणार आहोत.

१८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत एक कलम होतं. मुलाच्या वतीने दावा चालवणाऱ्याने कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड करू नये, असं ते सांगत होतं. कायदा झाला, पण पळवाटाही निघाल्या. तडजोडीवर हुकूमनामा झाला, म्हणजे परवानगी मिळालीच, असं लोक म्हणू लागले. त्या काळी हिंदुस्थानातली शेवटची अपिलं लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे जात. १९०६ साली प्रिव्ही कौन्सिलने बजावलं की परवानगी अशी गृहीत धरता येणार नाही. तडजोडीत एक अज्ञान मूल आहे, याकडे कोर्टाचं थेट लक्ष वेधलेलं असलं पाहिजे आणि परवानगी दिल्याचं निःसंशय दिसलं पाहिजे.

पुढे १९०८ ची संहिता आली. आजही तीच चालते. तिच्या बत्तिसाव्या आदेशातल्या सातव्या नियमात ही अट आहे. मानसिक आजारामुळे किंवा दुर्बलतेमुळे ज्यांना स्वतःचं हित जपता येत नाही, अशा मोठ्या माणसांनाही हे संरक्षण मिळतं. म्हणजे घरातला आजारी दीर असो की मतिमंद नणंद, त्यांच्या नावाचा दावा पालकाला परस्पर मिटवता येत नाही.

१९७६ च्या दुरुस्तीने आणखी एक गाठ मारली. तडजोड मुलाच्या हिताची आहे, असं पालकाने प्रतिज्ञापत्रावर सांगायचं. वकील असेल तर त्यानेही तसा दाखला द्यायचा. तेवढ्यावर कोर्ट बांधलं जात नाही. ते स्वतः तपासून ठरवतं.

परवानगी न घेताच तडजोड झाली तर? ती आपोआप रद्द होत नाही. पण मुलाला ती रद्द करून मागता येते. समोरच्या मोठ्या माणसांना मात्र ‘परवानगी नव्हती’ म्हणून अंग काढून घेता येत नाही. सज्ञान झाल्यावर दाद मागायला साधारण तीन वर्षांचीच मुदत असते, हे लक्षात ठेवा.

इथवर गोष्ट सरळ आहे. पुढे आपल्यासारख्या बायकांचा संबंध येतो.

१९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने रस्ता अपघाताच्या भरपाईबद्दल सूचना दिल्या. मुलांचे पैसे सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवावेत, त्यावर कर्ज देऊ नये, व्याज दरमहा द्यावं. निरक्षर माणसांसाठीही हीच रीत. मात्र शेतीची अवजारं किंवा रिक्षा घेऊन पोट भरायचं असेल, तर खात्री करून एकरकमी पैसे देता येतील. हेतू चांगलाच होता. भरपाई हातात पडली की कोण कोण दारात येतं, हे आपण पाहतोच. पण त्याच यादीत विधवांनाही मुलांच्या रांगेत बसवलं होतं.

मग काय झालं? न्यायाधिकरणं डोळे झाकून सगळ्यांचेच पैसे अडकवू लागली. कर्नाटकातल्या एका बाईंचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, त्यांच्या मुली पदव्युत्तर शिकलेल्या. तरी स्वतःच्या पैशासाठी त्यांना झगडावं लागलं. २०१२ साली न्यायालयाने सांगितलं की या सूचना यंत्रासारख्या लावू नका. माणसाचं वय, शिक्षण, परिस्थिती पाहा आणि मग ठरवा.

आम्हाला या इतिहासातून एवढंच कळतं. ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही, त्याच्या बाजूने कोर्टाने उभं राहावं. पण जी बोलू शकते, तिचं तोंड त्याच नावाखाली बंद करू नये. राखण हवी, कुलूप नको.

म्हणून मैत्रिणींनो, घरातल्या मुलाच्या किंवा आजारी माणसाच्या नावाचा दावा मिटत असेल, अगदी लोकअदालतीत का असेना, तर सहीआधी विचारा: कोर्टाची परवानगी घेतली का? तिची नक्कल कुठे आहे? रक्कम कुणाच्या नावावर आणि कधीपर्यंत राहणार? आणि भरपाई तुमची स्वतःची असेल, ती कामाला लावायची असेल, तर अर्जात कारण लिहून पैसे मागा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बायकांना आणि मुलांना तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत आपापला सातबारा घेऊन या. अ.पा.क. कुणाच्या नावापुढे आहे, ते मिळून पाहू.