छोटं धरण म्हणजे छोटा धोका? अमेरिकेतल्या एका सहलीच्या तळ्याची गोष्ट

६ नोव्हेंबर १९७७. रात्रीचा दीड वाजला होता. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स नावाचा धबधबा आहे आणि त्याच्या पायथ्याशी एक बायबल कॉलेज. आधीचे काही दिवस जोरदार पाऊस झाला होता. कॉलेजच्या वस्तीतली कुटुंबं झोपलेली असताना धबधब्याच्या वरच्या बाजूचं केली बार्न्स धरण फुटलं आणि पाण्याचा लोंढा ५७ मीटर उंचीवरून खाली आला. त्यात ३९ जणांचा जीव गेला. मृतांमध्ये अनेक लहान मुलं होती.

हे धरण किती मोठं होतं? उंची साधारण साडेअकरा मीटर, म्हणजे तीन-चार मजली इमारतीएवढी. लांबी सव्वाशे मीटरच्या आत. मग एवढ्याशा धरणाने इतके बळी कसे घेतले?

काम संपलं, पाणी राहिलं

सुरुवातीला इथे वीजनिर्मितीसाठी दगड आणि लाकडांचा बांध होता. पुढे त्यावर मातीचा भराव घातला गेला, नंतर उंचीही वाढवली गेली. १९५७ मध्ये वीजनिर्मिती बंद झाली. त्यानंतर हे तळं फक्त विरंगुळ्यासाठी उरलं.

खरी गोम इथेच आहे. धरणातून वीज किंवा शेतीला पाणी मिळत असेल, तर त्याच्याकडे रोज कुणाचं तरी लक्ष असतं. सहलीच्या तळ्याकडे लोक येतात, फोटो काढतात आणि जातात. भिंतीची मागची बाजू बघायला कुणी जात नाही.

धरण फुटलं कशामुळे?

तपास पथकाला एकच एक कारण सांगता आलं नाही. अनेक दोष एकत्र आले होते. भिंतीचा मागचा उतार काही ठिकाणी ४५ अंशांइतका तीव्र होता. मातीच्या धरणाला सहसा याच्या निम्म्याने सौम्य उतार देतात. उतारावर झाडं वाढली होती. १९७३ च्या एका फोटोत तर त्याच उतारावरची माती घसरलेली दिसत होती. म्हणजे चार वर्षं आधीच इशारा मिळाला होता. पथकाच्या मते, हा उतार पुन्हा घसरला असावा आणि आतून माती वाहून जाण्याने त्यात भर पडली असावी.

मग सरकारने काय केलं?

धरणांच्या तपासणीचा कायदा अमेरिकेत १९७२ मध्येच झाला होता. पण तपासणीसाठी पैसेच दिले गेले नव्हते. जिमी कार्टर तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते आणि जॉर्जिया हे त्यांचं स्वतःचं राज्य. टोकोआच्या दुर्घटनेनंतर त्यांनी तपासणीचे आदेश दिले. १९७८ ते १९८१ दरम्यान जवळपास ८,८०० धरणं तपासली गेली आणि त्यातली सुमारे एक तृतीयांश असुरक्षित निघाली.

या तपासणीत आधी नंबर लागला तो ‘हाय हॅझर्ड’ धरणांचा. हाय हॅझर्ड म्हणजे मोडकळीला आलेलं धरण नव्हे. फुटलं तर खाली माणसं मरतील, असं धरण. ते उत्तम स्थितीत असलं तरी हाय हॅझर्डच. थोडक्यात, धोका धरणाच्या आकारावर नाही, तर खाली कोण राहतं यावर ठरतो.

आपल्याकडे काय?

भारताचा धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. तो प्रामुख्याने १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीचं धरण असेल, तर आणखी एखादी अट पूर्ण व्हावी लागते. उदाहरणार्थ, किमान ५०० मीटर लांबी किंवा किमान १० लाख घनमीटर साठा. उंची, लांबी आणि साठ्याच्या या आकड्यांवर केली बार्न्स धरण या कायद्यात बसलं नसतं. गावतळी, पाझर तलाव, रिसॉर्टमागची तळी यातली बहुतेक तर त्याहून लहान असतात.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वाडीतल्या अनेकांचा जीव गेला. गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या, असं गावकऱ्यांचं म्हणणं होतं. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि मीम्सचा पूर आला. खेकडे आणि घुशींची बिळं मातीच्या धरणाला घातक असतात, हे खरंच आहे. पण ती वेळेवर शोधून बुजवणं हा देखभालीचाच भाग आहे.

कोणती लक्षणं बघायची?

- गढूळ गळती : मातीच्या धरणातून थोडं स्वच्छ पाणी पाझरणं नेहमीचं असतं. पाझर अचानक वाढला किंवा गढूळ झाला, तर आतली माती वाहून चालली आहे असं समजा.
- भेगा आणि खचणं : माथ्यावर भेग, उतारावर फुगवटा किंवा घसरलेली माती.
- झाडं आणि बिळं : मोठं झाड वाऱ्याने उन्मळलं, तर भिंतीचा तुकडाही सोबत जातो. मुळं कुजली की पाण्याला आयती वाट मिळते.
- अडलेला सांडवा : जादा पाणी सांडव्यातून जातं. तिथे मासे अडवायला जाळी असेल किंवा कचरा साचला असेल, तर पाणी भिंतीवरून वाहू लागतं. मातीची भिंत ते फार काळ सोसत नाही.

यातलं काही दिसलं, तर तारखेसह फोटो काढून ग्रामपंचायत, तहसील कार्यालय आणि तळ्याच्या मालकाला लेखी कळवा. गळती वाढताना दिसली, तर व्हिडिओ काढत थांबू नका. आधी खालच्या वस्तीला सावध करा, उंचावर जा आणि ११२ किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करा.

या पावसाळ्यात एखाद्या तळ्यावर सहलीला गेलात, तर भिंतीच्या मागची बाजूही बघा. तिथे खाली घरं आहेत का आणि त्या भिंतीची देखभाल कोण करतं, एवढं तरी विचारून घ्या.