कर्त्याचें नांव

कर्जतनजीक कोंडाण्याच्या लेण्यांत, चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर, एक त्रोटक ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक यानें हें घडविलें, एवढाच त्याचा आशय. श्रोतेहो, कर्त्याची ही ऊर्मि आजच्या मुंबईंतहि दिसते. तेथें २००० सालीं ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हें एक्स्ट्रीम मेटल संगीताचें पथक निघालें. त्याच वर्षींच्या त्याच्या पहिल्या अल्बमचें नांव ‘डेमनस्टीलर’. संस्थापक साहिल मखीजा यांचें टोपणनांवहि तेंच. गुरगुरता कंठ, ड्रमचा भरधांव मारा; हा गोंगाट इतिहासांत कशास, असें कोणी विचारील. बलकाच्या छिन्नीचा खणखणाट तरी शेजारच्या भिक्षूंस गोड लागला असेल काय? याच पथकानें २०१७ सालीं ‘दशावतार’ या अल्बमांत विष्णूचे अवतार गाइले. पहिल्या अल्बमच्या नांवावरून तें कोणी ताडलें नसतें.