एव्हरेस्ट साहेब आणि राधानाथ बाबू

बंगळुरूत नोकरी करणाऱ्या एका तरुण श्रोत्याने विचारले होते, "सर, इतिहासात वाईट बॉस कसे सांभाळायचे, याचे एखादे उदाहरण आहे का?" मी हसलो, आणि नंतर बराच वेळ तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. उदाहरणे ढीगभर आहेत हो. पण मला आठवली ती एक अडचणीची जोडी. अडचणीची अशासाठी, की त्यातला साहेब वाईट होता की चांगला, हे मला आजही एका शब्दात सांगता येत नाही.

सुरुवात आपल्या वर्ध्यापासून करू. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला विल्यम लँबटन वारला. दक्षिणेच्या टोकापासून हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजत मोजत वर निघालेला हा माणूस. शांत, हाताखालच्यांना जपणारा. त्याच्या जागी आला जॉर्ज एव्हरेस्ट. घराण्याच्या उच्चाराप्रमाणे खरे तर 'ईव्हरेस्ट', पण आता ते दुरुस्त करायला उशीर झाला. १८३० पासून तो सर्व्हेअर जनरलही होता.

हा गृहस्थ भयंकर तापट. कोणी 'कंपासवाला' म्हटले तरी त्याला अपमान वाटे. त्याच्या मागे थॉमस बेस्ट जर्व्हिसला नेमायचे घाटत होते. हा जर्व्हिस म्हणजे आपल्या दक्षिण कोकणची मोजणी करणारा. एव्हरेस्टने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना उद्देशून पत्रेच्या पत्रे लिहिली, छापली, आणि जर्व्हिसची सालटी काढली. इंग्लंडहून खास आणलेल्या हेन्री बॅरो या उपकरण कारागिराशीही त्याचे जमले नाही. बॅरो गेला. पण त्याच्याच कारखान्यातले अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यांचे कसब एव्हरेस्टने ओळखले आणि बॅरोची जागा त्यांना मिळावी म्हणून जोर लावला. एकच साहेब, एकच कारखाना, आणि दोन माणसांचे दोन अनुभव.

आता राधानाथ सिकदार. जन्म १८१३, कोलकात्याचे जोडासांको. हिंदू कॉलेजचा विद्यार्थी, डेरोझिओच्या वर्गातला. गणित शिकवायला टायटलर. एव्हरेस्टला गोलीय त्रिकोणमिती जाणणारा मुलगा हवा होता आणि टायटलरने राधानाथचे नाव सुचवले. डिसेंबर १८३१ मध्ये, अठराव्या वर्षी, महिना ३० रुपयांवर तो 'कॉम्प्युटर' म्हणून लागला. दचकू नका, त्या काळी कॉम्प्युटर हे माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. आकडेमोड करणारा, गणक.

पुढची वर्षे सिरोंज आणि डेहराडूनची. भोपाळ-विदिशाकडच्या आपल्या मराठी श्रोत्यांना सिरोंज जवळचे. तिथली आधाररेषा एव्हरेस्टने आधी साखळीने मोजली होती. पुढे नव्या धातूच्या दांड्यांनी १८३७-३८ मध्ये पुन्हा मोजवली. झालेले काम पुन्हा करायला लावणारा साहेब कोणाला आवडतो? पण पहिली चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरते आणि गणकाच्या वहीत वाढत जाते. राधानाथला हे कळत होते, म्हणून तो या साहेबापाशी टिकला असावा. हा माझा तर्क, कागदावर नाही.

१८३८ मध्ये राधानाथने दुसरी नोकरी धरायचे ठरवले, डेप्युटी कलेक्टरसारखी. पगार बरा, मान जास्त, डोंगरातली वणवण नाही. एव्हरेस्टने सरकारला कळवले की गणितात याच्या तोडीची माणसे हिंदुस्थानात, युरोपियन धरूनसुद्धा, मोजकीच आहेत, तेव्हा याला सोडता येणार नाही. वरिष्ठाच्या संमतीशिवाय खाते बदलता येत नाही, हा नियम आड आला आणि राधानाथ राहिला. एव्हरेस्टने त्याच्या वडिलांनाही पत्र पाठवले: तुम्ही डेहराडूनला या आणि तुमच्या मुलाला इथे किती मान आहे ते डोळ्यांनी पाहा.

कोणत्या साहेबाने आपल्या बापाला असे पत्र लिहिले? माझ्या तरी नाही. पण हेही बघा, की त्याच कौतुकाने राधानाथचा रस्ता अडवला. "तू फार कामाचा आहेस" हे वाक्य ऐकून ज्यांची बदली किंवा बढती राहिली, त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. मी एका कचेरीत असताना माझ्या साहेबांनी माझी अशीच स्तुती करून मला एकाच टेबलावर सहा वर्षे बसवले होते. त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याकडून शिकलोही बरेच. दोन्ही खरे.

मला या कथेत सर्वांत मोलाचा वाटतो तो मे १८४३ चा प्रसंग. डेहराडूनचा मॅजिस्ट्रेट व्हॅन्सिटार्ट याने मोजणी खात्याच्या हमालांना वेठीला धरून त्यांच्या डोक्यावर स्वतःचे सामान चढवले. आता राधानाथ स्वतः साहेब होता, त्या हमालांचा. गोऱ्या मॅजिस्ट्रेटचे सामान त्याने सरळ अडवले. बाचाबाची झाली, खटला झाला, आणि राधानाथला २०० रुपये दंड झाला. ज्याने नोकरी ३० रुपयांवर सुरू केली त्याला २०० म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. कोलकात्याच्या 'बेंगॉल स्पेक्टेटर'ने हे प्रकरण छापले, आणि वेठबिगारीबद्दल चार लोक उघड बोलू लागले.

त्याच वर्षाअखेर एव्हरेस्ट निवृत्त झाला आणि अँड्र्यू वॉ आला. मवाळ, आपल्या जुन्या साहेबाचा भक्त. १८४९ च्या सुमारास राधानाथ मुख्य गणक म्हणून कोलकात्याला गेला. हिमालयातल्या 'शिखर क्रमांक १५'ची निरीक्षणे सुमारे शंभर मैलांवरून निकल्सनने घेतली होती, हिवताप अंगावर घेत. राधानाथ धावत साहेबांच्या खोलीत शिरला आणि "जगातला सर्वांत उंच डोंगर सापडला" म्हणाला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. ती सोडून द्या. राधानाथ कोलकात्यात, वॉ डेहराडूनला, धावणार कुठून? शिवाय डेहराडूनच्या कचेरीतही हेनेसीसारखे गणक त्या आकड्यांवर बसले होते. राधानाथचे श्रेय आकडेमोडीच्या पद्धतीत आणि वर्षानुवर्षांच्या चिकाटीत आहे, आणि ते पुरेसे मोठे आहे.

१८५६ मध्ये वॉने उंची जाहीर केली, २९,००२ फूट, आणि शिखराला नाव सुचवले जुन्या साहेबाचे. स्वतः एव्हरेस्टने हरकत घेतली की हे नाव हिंदीत-फारसीत लिहिता येत नाही. कोणी ऐकले नाही. साहेबाबद्दलची कृतज्ञता याहून उंच कोणी नेऊन ठेवली नसेल!

आणि राधानाथ? १८५१ मध्ये थुइलियर आणि स्मिथ यांचे मोजणीचे जाडजूड पुस्तक निघाले, 'अ मॅन्युअल ऑफ सर्व्हेइंग फॉर इंडिया'. प्रस्तावनेत स्वच्छ लिहिले होते की तिसऱ्या भागातली कित्येक प्रकरणे आणि पाचवा भाग पूर्ण, हे बाबू राधानाथ सिकदार यांचे काम. थुइलियर कडक होता की गोड, कोण जाणे, पण नाव लिहिले होते. राधानाथ १८६२ मध्ये निवृत्त झाला आणि १८७० मध्ये चंदननगरला वारला. १८७५ मध्ये पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली. राधानाथची प्रकरणे होती, नाव गेले होते. थुइलियर आता स्वतः सर्व्हेअर जनरल होता.

१८७६ मध्ये 'फ्रेंड ऑफ इंडिया' या इंग्रजांच्याच पत्रात यावर टीका आली, मेलेल्या माणसाला लुटल्यासारखे हे झाले, अशा शब्दांत. तीही मोजणीच्या कामात मुरलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून. राधानाथ तेव्हा सहा वर्षांपूर्वीच गेलेला.

त्या बंगळुरूच्या मुलाला मी उत्तर पाठवले नाही, हा भाग पाठवतो आहे. त्याने त्याच्या बॉसच्या आवाजाबद्दल, तिरसटपणाबद्दल लांबलचक लिहिले होते. माझा त्याला उलट प्रश्न आहे: तू केलेला अहवाल वर जातो तेव्हा त्यावर कोणाचे नाव असते?

२००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची तिकिटे काढली. त्यांत राधानाथ आहे, तिबेट पावलांनी मोजणारा नैनसिंगही आहे. डेहराडूनच्या त्या हमालांची नावे मात्र मला कुठे सापडली नाहीत, अजून शोधतो आहे.