इस्पितळ आणि घर यांच्या मधले दिवस

मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे, रत्नागिरीच्या दक्षिणेला, पूर्णगड हे गाव आहे. इथल्या एखाद्या आजीचे खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेसाठी रत्नागिरी गाठावी लागते. काही दिवसांनी ‘आता घरी न्या’ असे सांगितले जाते. पण आजी अजून चालत नसते. दुखणे सरले, शक्ती मात्र परतली नाही, अशा या मधल्या दिवसांत काय करायचे? या प्रश्नाचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

आपल्याकडचे जुने उत्तर म्हणजे ‘हवापालट’. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही १८६३ साली लिहिले, की रुग्णाने गरजेपेक्षा एक दिवसही इस्पितळात राहू नये. बरे होणाऱ्यांसाठी घरासारखी वेगळी जागा असावी. त्या काळी इस्पितळातच जखमा चिघळून माणसे दगावत. क्षयावर औषध नव्हते तेव्हा याच विचाराशी नाते सांगणारी आरोग्यधामे निघाली. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीला ‘बेल-एअर’ सुरू केले. मोकळी हवा, सकस अन्न आणि पुष्कळ विश्रांती हाच तिथला उपचार.

पण यांतले नेमके उपयोगी काय? १९५६ साली मद्रासला यावर प्रयोग सुरू झाला. क्षयाच्या १९३ रुग्णांचे, निवड न करता, दोन गट पाडले. एक आरोग्यधामात, दुसरा घरी. औषधे दोघांना तीच. घरी दाटी होती, अन्न कमी होते, विश्रांती तर नव्हतीच. तरीही वर्षाअखेर दोन्ही गटांचे निष्कर्ष जवळपास सारखे निघाले! मात्र घरच्या गटाला वाऱ्यावर सोडलेले नव्हते. औषधे नियमित दिली जात, घरी जाऊन पाहणी होई.

विश्रांतीची दुसरी बाजू १९६६ साली अमेरिकेत डॅलसला दिसली. पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. पुढे सुमारे आठ आठवड्यांच्या व्यायामाने ती भरून निघाली. तरुणांची ही गत, तर आजीचे काय होईल?

म्हणजे मधल्या दिवसांत इमारतीपेक्षा काम महत्त्वाचे: वेळेवर औषध, पोटभर प्रथिने, रोज थोडी अधिक हालचाल आणि जाणकाराची नजर. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. पण पूर्णगडच्या आजीसाठी हे काम बहुधा घरातली सून किंवा नात करते, तेही कुणी न शिकवता. ‘पडून राहा’ हा मायेचा सल्लाच मग घातक ठरतो.

वर्गात मुलांना विचारून पाहू या: इस्पितळातून आलेल्या माणसाला तुमच्या घरी कुणी, कितव्या दिवशी चालवले? पायऱ्या किती, आधार कशाचा होता? या उत्तरांतून पुढच्या आजीला उपयोगी पडेल असे पुष्कळ हाती लागेल.