सूक्ष्म सागरी शंख : कवचावरून जातिवर्णनाचा इतिहास

मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील ज्या सागरी गोगलगायींचे पूर्ण वाढलेले कवचही सु. ५ मिमी. पेक्षा लहान असते, त्यांना सामान्यतः सूक्ष्म शंख म्हणतात. काहींचे कवच १ मिमी. पर्यंतही पोहोचत नाही. शैवाल, खडकांच्या कपारी, प्रवाळांचे तुकडे व वाळू यांत हे प्राणी राहतात. प्राणी मेल्यावर त्याचे मऊ शरीर लवकर कुजते. कॅल्शियम कार्बोनेटाचे कवच मात्र वाळूत दीर्घकाळ टिकते. त्यामुळे यांतील असंख्य जातींची पहिली, व पुष्कळदा एकमेव, ओळख रिकाम्या कवचावरूनच झालेली आहे. ही ओळख कितपत विश्वसनीय मानावी, हाच या अभ्यासाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

लिनीअस यांनी १७५८ मध्ये प्राण्यांना द्विनाम पद्धती सर्वत्र लागू केली. परंतु त्या काळच्या संग्राहकांचे लक्ष मोठ्या, रंगीत शंखांकडे होते. इंग्लंडमधील केंट परगण्यातील सँडविच येथील किनाऱ्याच्या वाळूत सापडलेल्या सूक्ष्म कवचांवर विल्यम बॉइझ व जॉर्ज वॉकर यांनी १७८४ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील आकृत्या वॉकर यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने काढल्या होत्या. जॉर्ज माँटेग्यू यांच्या १८०३ मधील ‘टेस्टेशिया ब्रिटानिका’ या ग्रंथाने ब्रिटिश किनाऱ्यावरील अशा अनेक लहान जातींना शास्त्रीय नावे दिली.

वर्णनाची पद्धत तेव्हापासून मूलतः तीच आहे. कवचाची उंची व रुंदी, वेटोळ्यांची संख्या व फुगीरपणा, त्यांमधील सांध्याची खोली, पृष्ठभागावरील उभे कंगोरे व आडव्या रेषा, मुखाचा आकार आणि रंग यांची नोंद करून जवळच्या जातींशी तुलना केली जाते. ज्या नमुन्याशी नाव कायमचे जोडले जाते, त्यास प्ररूप म्हणतात. शंका उत्पन्न झाल्यास निर्णय शब्दांवरून नव्हे, तर प्ररूपावरून होतो.

या परंपरेत मुंबईलाही स्थान आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी यांनी गोळा केलेल्या सागरी कवचांवरून जेम्स कॉस्मो मेल्व्हिल यांनी २५ नव्या जातींचे वर्णन केले. ते १८९३ मध्ये मँचेस्टर येथील साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे कॅप्टन एफ्. डब्ल्यू. टाउनसेंड यांनी इराणचे आखात, ओमानचे आखात व अरबी समुद्र यांतून आणलेल्या संग्रहावर मेल्व्हिल व रॉबर्ट स्टँडन यांनी १९०१ मध्ये विस्तृत निबंध लिहिला. मेल्व्हिल यांच्या संग्रहाचा मोठा भाग कार्डिफ येथील संग्रहालयात आहे. परिणामी आपल्या किनाऱ्यावरील एखाद्या कणाएवढ्या शंखाची ओळख निश्चित करण्यासाठी अभ्यासकाला आजही परदेशी संग्रहांकडे वळावे लागते.

केवळ कवचावर विसंबण्याचे धोके लवकरच ध्यानात आले. दा कोस्टा यांनी १७७८ मध्ये वर्णन केलेली रिसोआ पार्व्हा ही युरोपीय जाती उभ्या कंगोऱ्यांची असते. तिच्या गुळगुळीत, तुटक पट्ट्यांच्या कवचांना जॉन ॲडम्स यांनी १८०० मध्ये निराळे नाव दिले. या दोहोंमधील सर्व अवस्था आढळत असल्याने ते नाव आज त्याच जातीचे समानार्थी नाव मानले जाते. उलटपक्षी, ज्यांची कवचे जवळजवळ सारखी दिसतात असे प्राणीही भिन्न जातींचे असू शकतात.

या अडचणीतून अंशतः मार्ग कवचानेच दाखविला. शिखरावरील आद्यकवच डिंभावस्थेत तयार होते. गुन्नार थॉर्सन यांनी १९५० मध्ये दाखविल्याप्रमाणे, आद्यकवच बारीक व अनेक वेटोळ्यांचे असल्यास डिंभ बहुधा प्लवकांत पोहून अन्न मिळवितो; ते मोठे व थोड्या वेटोळ्यांचे असल्यास तशी अवस्था बहुधा नसते. क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९६५ पासून बाजारात उपलब्ध झाल्यावर या भागाचे सूक्ष्म नक्षीकाम स्पष्ट दिसू लागले. पुढे शरीररचना व डीएनए यांच्या अभ्यासाची त्यास जोड मिळाली. आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या जातीचे प्ररूप स्पष्टपणे नेमणे बंधनकारक आहे.

तथापि कवचाचे महत्त्व संपलेले नाही. न्यू कॅलेडोनियातील कूमाक परिसरात २९५ चौ. किमी. क्षेत्रात मृदुकाय प्राण्यांच्या २,७३८ जाती आढळल्याचे फिलिप बूशे व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी २०% जातींचा केवळ एकेक नमुना मिळाला, तर २८.५% जाती फक्त रिकाम्या कवचांच्या रूपाने सापडल्या. जिवंत प्राणी मिळेपर्यंत थांबावयाचे ठरविले, तर अशा पुष्कळ जाती नोंद होण्यापूर्वीच नष्ट होण्याचा संभव आहे. म्हणून कवचावरून केलेले वर्णन हा अंतिम निर्णय नसून, पुढील पिढ्यांना प्ररूपाच्या आधारे तपासता येईल असा पुरावा होय.